रुझवेल्ट आणि प्रतिनिधींचे गणित

१९१२ सालच्या जून महिन्यात शिकागो येथे अमेरिकेच्या रिपब्लिकन पक्षाचे राष्ट्रीय अधिवेशन भरले, तेव्हा अध्यक्षपदाचा उमेदवार ठरविणाऱ्या प्रतिनिधींची संख्या १,०७८ होती आणि बहुमतासाठी ५४० मते आवश्यक होती. एका बाजूस सत्तारूढ अध्यक्ष विल्यम हॉवर्ड टाफ्ट, तर दुसऱ्या बाजूस त्यांना त्या पदावर बसविणारे माजी अध्यक्ष थिओडोर रुझवेल्ट. पक्षाच्या मतदारांनी जेथे प्रत्यक्ष कौल दिला होता तेथे रुझवेल्ट यांची निर्विवाद सरशी झाली होती. अधिवेशनात मात्र ते पराभूत झाले. पक्षयंत्रणेने त्यांचा हक्क लुबाडला, असे या पराभवाचे वर्णन करण्याची प्रथा आहे आणि ते सर्वस्वी निराधार नाही. परंतु ज्या यंत्रणेने त्यांची वाट अडविली, ती मोडण्याची संधी चार वर्षांपूर्वीच चालून आली होती आणि ती त्यांच्याच पक्षधुरिणांनी दवडली होती, ही गोष्ट त्यांच्या चरित्रात क्वचितच ठळकपणे सांगितली जाते.

रुझवेल्ट म्हटले की आपल्याकडे दुसऱ्या महायुद्धातील फ्रँकलिन रुझवेल्ट आठवतात. थिओडोर हे त्यांचे दूरचे चुलतबंधू आणि फ्रँकलिन यांच्या पत्नी एलिनॉर यांचे सख्खे काका. २७ ऑक्टोबर १८५८ रोजी न्यूयॉर्कमधील सधन कुटुंबात त्यांचा जन्म झाला. लहानपणी दम्याने बेजार झालेल्या या मुलाने व्यायामाने शरीर कमावले, हार्वर्डमधून पदवी घेतली आणि वयाच्या तेविसाव्या वर्षी न्यूयॉर्क राज्याच्या विधानसभेत प्रवेश केला. त्या काळी चांगल्या घरचे तरुण राजकारणाकडे वळत नसत. दारूच्या गुत्त्यांचे मालक आणि वॉर्डातील दादा यांची ती मिरास समजली जाई. १४ फेब्रुवारी १८८४ या एकाच दिवशी, एकाच घरात, त्यांची आई व पत्नी या दोघींचा मृत्यू झाला. त्या आघातानंतर चारच महिन्यांनी, पंचवीस वर्षांचा हा विधुर न्यूयॉर्कचा प्रतिनिधी म्हणून शिकागोच्या पक्षाधिवेशनात दाखल झाला. प्रतिनिधींच्या गणिताशी त्याचा पहिला परिचय तेथे झाला.

ते गणित समजून घेतल्याशिवाय पुढील कथा कळणार नाही. अध्यक्षीय निवडणुकीत प्रत्येक राज्यास जितकी निर्वाचक मते असत, त्याच्या दुप्पट प्रतिनिधी पक्षाच्या अधिवेशनात त्या राज्यास मिळत. निर्वाचक मते लोकसंख्येवर ठरत. त्या राज्यात रिपब्लिकन पक्षाला मते देणारे किती आहेत, याचा या हिशेबाशी संबंध नव्हता. यादवी युद्धानंतर मुक्त झालेले कृष्णवर्णीय नागरिक दक्षिणेत मतदान करीत होते तोवर या सूत्रात फारशी विसंगती नव्हती. पुढे दहशतीने, आणि १८९० च्या मिसिसिपी राज्यघटनेपासून कायद्यानेही, त्यांचा मताधिकार हिरावून घेण्यात आला आणि दक्षिणेतील रिपब्लिकन पक्ष नावापुरता उरला. प्रतिनिधींची संख्या मात्र होती तशीच राहिली. १९०८ च्या निवडणुकीत मिसिसिपीत टाफ्ट यांना सुमारे साडेचार हजार मते पडली, तर पेन्सिल्व्हेनियात सुमारे साडेसात लाख. १९१२ च्या अधिवेशनात मिसिसिपीचे प्रतिनिधी होते २० आणि पेन्सिल्व्हेनियाचे ७६. म्हणजे एका ठिकाणी दोनशे-सव्वादोनशे मतांमागे एक प्रतिनिधी, तर दुसऱ्या ठिकाणी जवळजवळ दहा हजार मतांमागे एक. दक्षिणेतील अकरा राज्यांचे मिळून २५२ प्रतिनिधी होत. एकूण संख्येच्या जवळजवळ चौथा हिस्सा. त्या अकरा राज्यांतून पक्षाला १८८० पासून एकही निर्वाचक मत मिळालेले नव्हते.

मतदारांचा पाठिंबा नसलेला हा पक्ष तेथे टिकला कसा? उत्तर सरळ आहे. वॉशिंग्टनमध्ये रिपब्लिकन अध्यक्ष असला की दक्षिणेतील पोस्टमास्तर, जकात अधिकारी, करवसुली अधिकारी यांच्या नेमणुका त्याच्या हातात असत. (आपल्याकडील टपालखात्याच्या नोकरीशी याची तुलना करून चालणार नाही, तेथे सत्तापालट झाला की गावोगावचे पोस्टमास्तर बदलत.) हेच नेमलेले लोक स्थानिक पक्ष चालवीत आणि हेच लोक किंवा त्यांचे स्नेही अधिवेशनास प्रतिनिधी म्हणून जात. नेमणूक देणाऱ्याला मत देणे हा त्यांच्या दृष्टीने साधा व्यवहार होता. बाजारात ज्या वस्तूला स्थानिक गिऱ्हाईक नाही तिला एकच खरेदीदार उरतो, आणि दक्षिणेतील प्रतिनिधित्वाचा तो एकमेव खरेदीदार सत्तारूढ अध्यक्ष हा होता.

१८८४ मध्ये तरुण रुझवेल्ट यांनी हे डोळ्यांनी पाहिले. पहिल्या फेरीत सत्तारूढ अध्यक्ष चेस्टर आर्थर यांना २७८ मते मिळाली, ती मुख्यतः दक्षिणेतून. तरीही त्या अधिवेशनातील रुझवेल्ट यांची संस्मरणीय कृती दक्षिणेच्या विरोधात नव्हती. तात्पुरत्या अध्यक्षपदासाठी त्यांचे मित्र हेन्री कॅबट लॉज यांनी मिसिसिपीचे जॉन लिंच यांचे नाव सुचविले. लिंच जन्माने गुलाम होते. पुढे काँग्रेसचे सदस्य झाले. रुझवेल्ट खुर्चीवर उभे राहिले, लिंच यांच्या बाजूने बोलले आणि प्रत्येक प्रतिनिधीचे नाव पुकारून मत घ्यावे असा आग्रह त्यांनी धरला. लिंच ४२४ विरुद्ध ३८४ मतांनी निवडून आले. एखाद्या प्रमुख पक्षाच्या राष्ट्रीय अधिवेशनाचे अध्यक्षस्थान कृष्णवर्णीय व्यक्तीने भूषविण्याचा तो पहिला प्रसंग होय. उमेदवारी मात्र चौथ्या फेरीत जेम्स ब्लेन यांना मिळाली. रुझवेल्ट यांना ते मुळीच पसंत नव्हते. अनेक सुधारणावादी पक्ष सोडून गेले. रुझवेल्ट गेले नाहीत. पक्षाबाहेर राहून काही साधता येत नाही, हा हिशेब त्यांनी तेव्हा मांडला आणि पुढे अठ्ठावीस वर्षे पाळला.

डाकोटाच्या माळरानावरील गुरांचे कळप आणि १८८६-८७ च्या हिवाळ्यात त्यात बुडालेला पैसा, न्यूयॉर्कच्या महापौरपदाच्या निवडणुकीतील तिसरा क्रमांक, हे भाग येथे सोडून देता येतील. महत्त्वाची आहेत ती १८८९ ते १८९५ ही वर्षे. या काळात ते मुलकी सेवा आयोगाचे सदस्य होते आणि वशिल्याच्या नेमणुकांविरुद्ध त्यांनी अक्षरशः मोहीम उघडली होती. १८९१ साली बाल्टिमोर येथे पक्षाच्या अंतर्गत निवडणुकीत टपालखात्यातील नोकर राबत असल्याची तक्रार आली, तेव्हा रुझवेल्ट स्वतः तेथे जाऊन चौकशीस बसले आणि पंचवीस नोकरांना काढून टाकण्याची शिफारस त्यांनी केली. पोस्टमास्तर जनरल जॉन वॉनामेकर त्यांच्याच पक्षाचे; त्यांनी ती मानली नाही. सरकारी नोकरीच्या बळावर पक्षाचे प्रतिनिधी कसे घडविले जातात, याचे इतके तपशीलवार ज्ञान त्या पिढीतील फार थोड्या पुढाऱ्यांना असेल.

न्यूयॉर्कचे पोलीस आयुक्तपद, नौदल खात्यातील दुय्यम मंत्रिपद, १८९८ मधील क्यूबाची लढाई आणि त्या कीर्तीवर स्वार होऊन मिळालेले न्यूयॉर्कचे राज्यपालपद, हा चढता आलेख सर्वश्रुत आहे. राज्यपाल म्हणून ते डोईजड होताच राज्यातील पक्षाचे सूत्रधार थॉमस प्लॅट यांनी त्यांना उपाध्यक्षपदाच्या अडगळीत टाकण्याचा घाट घातला. १९०० च्या फिलाडेल्फिया अधिवेशनात ९२६ पैकी ९२५ प्रतिनिधींनी त्यांना मत दिले; न देणारा एकमेव प्रतिनिधी म्हणजे स्वतः रुझवेल्ट. पुढील वर्षी सप्टेंबरमध्ये अध्यक्ष मॅकिन्ली मारेकऱ्याच्या गोळीला बळी पडले आणि अडगळीतला माणूस बेचाळिसाव्या वर्षी अध्यक्ष झाला.

अध्यक्ष या नात्याने त्यांनी केलेली कामे मोठी आहेत. नॉर्दर्न सिक्युरिटीज या रेल्वे मक्तेदारीविरुद्धचा खटला, १९०२ च्या कोळसा संपातील मध्यस्थी, १९०६ चे अन्नभेसळविरोधी व रेल्वे दरनियंत्रणाचे कायदे, रशिया-जपान तहाबद्दल मिळालेले शांततेचे नोबेल पारितोषिक. परंतु त्याच काळात आणखी एक काम शांतपणे चालू होते. पक्षाचे बलाढ्य सूत्रधार मार्क हॅना १९०४ मध्ये आपल्याविरुद्ध उभे राहतील ही धास्ती रुझवेल्ट यांना होती आणि दक्षिणेतील प्रतिनिधी हॅना यांच्या मुठीत होते. ती मूठ सोडविण्यासाठी रुझवेल्ट यांनी जेम्स क्लार्कसन यांना १९०२ मध्ये न्यूयॉर्क बंदरावर जकातीच्या मानाच्या जागेवर नेमले. हे क्लार्कसन म्हणजे टपालखात्यात असताना हजारो पोस्टमास्तर एका दमात बदलणारे, आणि म्हणूनच मुलकी सेवा आयोगाच्या दिवसांत रुझवेल्ट यांनी ज्यांच्याशी वैर धरले होते ते गृहस्थ. दक्षिणेतील नेमणुकांसाठी बुकर टी. वॉशिंग्टन यांचा सल्लाही घेतला जाऊ लागला. काही नेमणुका खरोखरच चांगल्या झाल्या, हे मान्य केले पाहिजे. तथापि त्यांचा राजकीय उपयोग कोणापासून लपला नव्हता. १९०४ च्या फेब्रुवारीत हॅना वारले आणि जूनमधील अधिवेशनात रुझवेल्ट यांना सर्वच्या सर्व ९९४ मते मिळाली. निवडणूक जिंकल्याच्या रात्रीच, पुन्हा उभे राहणार नाही, असे त्यांनी जाहीर करून टाकले. पुढे त्या घोषणेचा त्यांना किती पश्चात्ताप झाला असेल, याची कल्पना करता येते.

१९०८ मध्ये वारस म्हणून त्यांनी टाफ्ट यांची निवड केली. मोहिमेची सूत्रे टपालखात्यातील माजी अधिकारी फ्रँक हिचकॉक यांच्याकडे होती. दक्षिणेतून प्रतिनिधी गोळा करण्याचे त्यांचे कसब असे की, विरोधी उमेदवारांनी ज्या ज्या जागांविषयी हरकत घेतली त्यांपैकी बहुतेक सर्व राष्ट्रीय समितीने टाफ्ट यांच्या पदरात टाकल्या. रस्ता सपाट करणाऱ्या वाफेच्या रुळाची उपमा वृत्तपत्रांनी या समितीला तेव्हा प्रथम दिली. त्याच अधिवेशनात पेन्सिल्व्हेनियाच्या जेम्स बर्क यांनी एक ठराव मांडला. राज्यात पक्षाला मिळालेल्या मतांच्या प्रमाणात प्रतिनिधी असावेत, एवढीच त्याची मागणी होती. तो संमत झाला असता तर दक्षिणेचे वजन एका झटक्यात उतरले असते. रुझवेल्ट-टाफ्ट गटाचे सूत्रधार त्याच्या विरोधात गेले. दक्षिणेतील मते हातची जाऊ देण्याची त्यांची तयारी नव्हती. ठराव ४७१ विरुद्ध ५०६ मतांनी फेटाळला गेला. अठरा प्रतिनिधींनी बाजू बदलली असती तर निकाल उलटा लागता. टाफ्ट यांना पहिल्याच फेरीत ७०२ मते मिळाली, हिचकॉक पोस्टमास्तर जनरल झाले, आणि रुझवेल्ट आफ्रिकेत शिकारीस गेले.

परत आल्यावर दोघांत वितुष्ट आले. जंगलसंरक्षणाचे धोरण, पोलाद कंपनीविरुद्धचा १९११ चा खटला, आणि त्याहीपेक्षा बावन्नाव्या वर्षी निवृत्त होण्याची सक्ती सहन न होणारा स्वभाव, अशी अनेक कारणे होती. फेब्रुवारी १९१२ मध्ये रुझवेल्ट यांनी उमेदवारी जाहीर केली, तेव्हा दक्षिणेतील बहुतेक प्रतिनिधींची निवड टाफ्ट यांच्या माणसांनी उरकत आणली होती. रुझवेल्ट यांच्यापुढे दोनच मार्ग होते आणि त्यांनी दोन्ही चोखाळले.

पहिला मार्ग प्राथमिक निवडणुकांचा. पक्षाच्या सामान्य मतदाराने थेट मत देण्याची ही पद्धत तेव्हा नवीन होती आणि सुमारे डझनभर राज्यांनीच ती स्वीकारली होती. आरंभी नॉर्थ डाकोटात रॉबर्ट ला फॉलेट यांनी त्यांना हरविले; न्यूयॉर्कमध्ये टाफ्ट यांनी. मग एप्रिलमध्ये इलिनॉय आणि पेन्सिल्व्हेनिया, मे महिन्यात कॅलिफोर्निया, न्यू जर्सी आणि खुद्द टाफ्ट यांचे ओहायो रुझवेल्ट यांनी जिंकले. मॅसॅच्युसेट्समध्ये मतपत्रिकेच्या रचनेमुळे विचित्र घोटाळा झाला. पसंतीच्या मतदानात टाफ्ट थोड्याशा मतांनी पुढे, पण संपूर्ण राज्यातून निवडावयाचे आठही प्रतिनिधी रुझवेल्ट यांचे! त्या आठांवर आपला हक्क नाही असे रुझवेल्ट यांनी जाहीर केले, हे त्यांच्या खाती जमा केले पाहिजे. अखेरचा हिशेब असा झाला: थेट मतदानाच्या राज्यांत रुझवेल्ट २७८ प्रतिनिधी, टाफ्ट ४८, ला फॉलेट ३६. मतांच्या बाबतीत रुझवेल्ट यांना साडेअकरा लाख, टाफ्ट यांना साडेसात लाख.

दुसरा मार्ग इतका सरळ नव्हता. ऑर्म्सबी मॅकहार्ग या गृहस्थांनी १९०८ मध्ये टाफ्ट यांच्यासाठी दक्षिणेत काम केले होते. त्यांनाच आता रुझवेल्ट यांच्यासाठी दक्षिणेत धाडण्यात आले. टाफ्ट यांच्या प्रतिनिधींची निवड झाली की त्याच गावी, कधी त्याच इमारतीत, दुसरी सभा भरवून रुझवेल्ट यांचे प्रतिनिधी निवडल्याचे जाहीर करावयाचे आणि राष्ट्रीय समितीकडे दावा लावावयाचा. यातील पुष्कळ दाव्यांत दम नव्हता. मग ते लावले कशासाठी? वृत्तपत्रे दररोज प्रतिनिधींचा तक्ता छापीत. दावे नसते तर मार्च-एप्रिलमध्येच त्या तक्त्यात टाफ्ट शेकड्यांनी पुढे दिसले असते आणि कुंपणावरचे लोक त्यांच्याकडे उड्या मारते. दावा लागला की ते नाव टाफ्ट यांच्या रकान्यातून निघून वादग्रस्त या रकान्यात जाई. रुझवेल्ट यांच्या बाजूच्या एका वृत्तपत्रानेच जूनमध्ये हे गुपित उघडपणे छापून टाकले. तक्त्यातील आकडा वस्तुस्थिती दाखविण्याऐवजी वस्तुस्थिती घडविण्यासाठी वापरला जातो, हे शेअरबाजार जाणणाऱ्यास नवे नाही. पण या चालीचा एक तोटा झाला. पोकळ दाव्यांच्या ढिगाऱ्यात खरे दावेही पोकळ वाटू लागले.

अधिवेशनाआधी राष्ट्रीय समितीने २५४ वादग्रस्त जागांचा निकाल लावला. त्यांपैकी २३५ टाफ्ट यांना, १९ रुझवेल्ट यांना. या समितीचे सदस्य १९०८ साली, म्हणजे रुझवेल्ट यांच्याच अमदानीत निवडले गेले होते. अनेक दावे तर रुझवेल्ट यांच्या बाजूच्या सदस्यांनीही फेटाळले. परंतु कॅलिफोर्निया, ॲरिझोना, टेक्सास आणि वॉशिंग्टन राज्यांतील प्रश्न वेगळा होता. कॅलिफोर्नियात राज्याच्या कायद्यानुसार सर्व २६ प्रतिनिधी रुझवेल्ट यांनी जिंकलेले असताना सॅन फ्रान्सिस्कोच्या एका जिल्ह्यापुरत्या दोन जागा टाफ्ट यांना देण्यात आल्या. त्याचे समर्थन करणे कठीण आहे.

उमेदवाराने अधिवेशनापासून दूर राहण्याचा संकेत मोडून रुझवेल्ट शिकागोत येऊन ठाकले. खरी लढाई उमेदवारीच्या मतदानाची नव्हतीच. ती पहिल्या दिवशी तात्पुरत्या अध्यक्षाच्या निवडीत झाली. टाफ्ट यांच्या बाजूने एलिहू रूट उभे होते. हे रूट म्हणजे रुझवेल्ट यांच्या मंत्रिमंडळातील युद्धमंत्री, नंतर परराष्ट्रमंत्री, आणि त्यांचे जिव्हाळ्याचे मित्र. रूट यांना ५५८ मते पडली. विस्कॉन्सिनचे राज्यपाल मॅकगव्हर्न यांना ५०२. बहुमताला मॅकगव्हर्न यांना ३८ मते कमी पडली. खऱ्या अन्यायाच्या जागा किती होत्या, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. काही तीसच्या आसपास मानतात, काही पन्नासपर्यंत जातात. निर्णायक आकडा नेमका या दोहोंच्या मध्ये पडतो आणि म्हणूनच हा वाद शंभर वर्षांनंतरही मिटलेला नाही.

पुढचा प्रश्न कार्यपद्धतीचा होता. ७२ वादग्रस्त प्रतिनिधींची नावे वगळून रुझवेल्ट यांच्या प्रतिनिधींना बसवावे, असा आग्रह मिसुरीचे राज्यपाल हॅडली यांनी धरला. ज्यांच्या जागेविषयीच वाद आहे त्यांना मताधिकार असावा काय? रूट यांनी पूर्वीच्या प्रघातांचा आधार घेऊन निर्णय दिला की, प्रत्येकाने स्वतःच्या जागेविषयी मत देऊ नये, इतरांच्या जागांविषयी द्यावे. कायद्याच्या दृष्टीने निर्णयात खोट काढणे सोपे नाही. परिणाम मात्र असा झाला की, एका राज्यातील वादग्रस्तांनी दुसऱ्या राज्यातील वादग्रस्तांना तारले. कॅलिफोर्नियाच्या दोन जागांवर ५४२ विरुद्ध ५२९ अशी मते पडली. सभागृहात प्रतिनिधी काचकागद घासून वाफेच्या रुळाचा आवाज काढीत होते. तडजोडीचा तिसरा उमेदवार म्हणून हॅडली यांचे नाव पुढे आले. आधी यादी स्वच्छ करा, मगच बोला, अशी रुझवेल्ट यांची अट होती. अखेर टाफ्ट ५६१, रुझवेल्ट १०७. ३४४ प्रतिनिधी हजर असूनही मत न देता बसून राहिले.

आता त्यांनी अठ्ठावीस वर्षांपूर्वीचा हिशेब मोडला. ऑगस्टमध्ये त्याच शिकागोत प्रोग्रेसिव्ह पक्षाचे अधिवेशन भरले. उत्साह धर्मसभेसारखा, समाजसेविका जेन ॲडम्स यांनी उमेदवारीला अनुमोदन दिले. परंतु याही अधिवेशनात प्रतिनिधींच्या यादीचा प्रश्न उपस्थित झालाच. दक्षिणेतील काही राज्यांतून कृष्णवर्णीय व श्वेतवर्णीय अशा दोन तुकड्या आल्या होत्या. दक्षिणेत गोऱ्यांचा नवा पक्ष उभा राहील या आशेने रुझवेल्ट यांनी कृष्णवर्णीयांना प्रवेश नाकारण्याच्या बाजूने कौल दिला आणि समितीने तो अमलात आणला. उत्तरेतील राज्यांतून आलेले कृष्णवर्णीय प्रतिनिधी सभागृहात बसले होते. लिंच यांच्या मिसिसिपीतून आलेल्यांना दार बंद होते. हा व्यवहारही फायद्याचा ठरला नाही. दक्षिणेतील एकही राज्य त्यांना मिळाले नाही.

ऑक्टोबरमध्ये मिल्वॉकी येथे त्यांच्यावर गोळी झाडली गेली; खिशातील भाषणाच्या घडीमुळे आणि चष्म्याच्या डबीमुळे ती खोल गेली नाही, आणि तशाच अवस्थेत त्यांनी भाषण केले. नोव्हेंबरमध्ये निर्वाचक मते पडली ती अशी: विल्सन ४३५, रुझवेल्ट ८८, टाफ्ट ८. दक्षिणेतील प्रतिनिधींच्या बळावर उमेदवारी राखलेल्या टाफ्ट यांना यूटा आणि व्हर्मॉंट एवढी दोनच राज्ये मिळाली.

या धक्क्यानंतर रिपब्लिकन पक्षाने नियम बदलला. ज्या मतदारसंघात पक्षाला साडेसात हजार मतेही पडत नाहीत, तेथून दोनऐवजी एकच प्रतिनिधी यावा असे ठरले. बर्क यांच्या ठरावाइतका तो मूलगामी नव्हता, परंतु दिशा तीच होती. १९१६ च्या अधिवेशनात तो लागू झाला आणि त्या अधिवेशनात रुझवेल्ट यांचे नाव पुन्हा पुकारले गेले. पहिल्या फेरीत त्यांना ६५ मते मिळाली, दुसऱ्या फेरीत ८१. तिसऱ्या फेरीत चार्ल्स ह्यूज निवडले गेले. त्याच दिवसांत शिकागोतच जमलेल्या प्रोग्रेसिव्ह पक्षाने रुझवेल्ट यांना उमेदवारी दिली. त्यांनी ती नाकारली; तत्पूर्वी दोन्ही पक्षांचा समाईक उमेदवार म्हणून त्यांनी लॉज यांचे नाव सुचविले होते, ते ऐकून त्यांचेच अनुयायी संतापले. प्रोग्रेसिव्ह पक्ष त्यानंतर विस्कटला. १९१८ मध्ये युद्धात धाकटा मुलगा क्वेंटिन मारला गेला आणि ६ जानेवारी १९१९ रोजी, साठाव्या वर्षी, सॅगामोर हिल येथील घरी झोपेतच रुझवेल्ट यांचे निधन झाले. १९२० ची उमेदवारी त्यांनाच मिळेल, असे त्या वेळी रिपब्लिकन पक्षातील पुष्कळ जण धरून चालले होते.